पटाची शेवटची ओळ

अन्वर कल्हईवाल्याने मडक्यातलं गोमूत्र तांब्याच्या पटावर बारीक धारेने ओतलं आणि वरून मिठाची मूठ भुरभुरली, कोशिंबिरीवर भुरभुरावी तशी.

"आता नवसागर टाक, दादा. आन् हात जरा सैल सोड. मालोजीच्या लग्नात अक्षता टाकल्या व्हत्यास तू, मोजून चार."

ज्योतीराम तांबटाने चिमूट उचलली खरी, पण टाकवेना. तीस वर्षं या दोघांनी याच नवसागराने मुलखाची काळी भांडी उजळली होती. ज्योतीरामाने भांडं ठोकायचं, अन्वरने त्याला आतून कल्हई लावायची. भोसरीपासून पुनावळ्यापर्यंत ज्या ज्या घरात ताक कळकलं नाही, त्या त्या घराने या दोघांचे उपकार मानायला हवे होते. कुणी मानले नव्हते, ती गोष्ट वेगळी. पण उजळलेली वस्तू काळी करायला या माळावर आजवर कुणी बसलं नव्हतं.

"टाकतो," ज्योतीराम म्हणाला, आणि टाकला नाही.

दारातून अंबूबाईचा आवाज आला. "अवं, देवाम्होरचा पट हाय त्यो. तोंडं काळी करायची तर आपापली करा की."

"आमची झालेलीच हायेत, वहिनी," अन्वर म्हणाला. "ह्याचंच तेवढं राह्यलंय."

ज्योतीरामाने डोळे मिटले आणि चिमूट सोडली.

पट हातभर लांब, वीतभर रुंद, कडा चारी बाजूंनी वर वळवलेल्या. ज्योतीरामाच्या कुठल्याशा खापरपणज्याला कुठल्याशा सरदाराने भैरोबाच्या माळावरची ही जागा दिली, देवाची भांडी लख्ख ठेवायच्या बोलीवर, आणि ते सगळं या पटावर कोरून दिलं, असं घरात सांगत. वाचून कुणी सांगत नसे, कारण घरात वाचता येणारं माणूस त्याच्या मुलाच्या, मालोजीच्या आधी झालंच नव्हतं, आणि मालोजीला मोडी येत नव्हती. त्यामुळे पट वाचण्याचा प्रश्न कधी उद्भवला नाही. घासण्याचा मात्र दर दसऱ्याला उद्भवत असे. चिंच, राख, मग विटेची वस्त्रगाळ पूड, मग कोरडं फडकं. तांबटाच्या घरचा पट. तो काळा दिसला तर गिऱ्हाइकाने दुसरी भांडी कुठल्या भरवशावर टाकायची?

यंदा माळावर कारखाना यायचा होता. कुणी म्हणे काचेचा, कुणी म्हणे रबराचा. साखळ्या घेतलेली माणसं शेतांतून हिंडून गेली आणि मागोमाग मोजणीचे साहेब येऊन चावडीत बसले. देवाच्या चाकरीची सनदी जागा असेल तर ती आखणीतून वगळू, मात्र मूळ पट दाखवा, असं त्यांनी जाहीर केलं. ज्योतीराम नवी टोपी घालून, पट धुतल्या पंच्यात गुंडाळून, रांगेत पहिला उभा राहिला.

साहेबांनी पट हातात घेतला, त्यात बघून स्वतःची टोपी सरळ केली आणि विचारलं, "हा कधी केलात?"

"खापरपंज्याच्या वक्ताचा हाय, सायेब."

"तुम्ही तांबट ना? मागच्या आठवड्यात ठोकला असेल. आणि यावर लिहिलंय कुठे?"

ज्योतीरामाने वाकून पाहिलं. पटात त्याचं स्वतःचं तोंड होतं. वर चंद्र-सूर्य होते, तेही ग्रहण लागल्यासारखे. मधे काहीच नव्हतं.

त्याच्या मागे रंगराव होता. रंगरावाच्या घरचा पट दोन पिढ्या लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून होता. काळा, कडेला हिरवा, एका कोपऱ्यात मोहरीची डाळ चिकटलेली. चष्मेवाल्या म्हाताऱ्या कारकुनाने करंगळीच्या नखाने डाळ खरवडली आणि पट वर्तमानपत्र वाचावं तसा धडाधड वाचून दाखवला. रंगरावाची जागा वगळली. रंगराव इतका गांगरला की साहेबांच्या पाया पडायच्या ऐवजी त्याने लोणचं पाठवू का म्हणून विचारलं.

कारकुनालाच दया आली. "तांबटांना आठ दिवस द्या, साहेब," तो म्हणाला. "घरात काही कागद वगैरे सापडला तर."

कागद कुठला सापडणार? पण अन्वरच्या डोक्यात युक्ती आली. अक्षरं अशी जात नसतात, त्याचं म्हणणं. उथळ होतात. तांब्यावर जंगाल चढलं, म्हणजे तो हिरवा-काळा थर, की तो खोलगट जागी जास्त बसतो. मग वरून तेलाचं बोट हलकं फिरवायचं. सपाट तेवढं पुसलं जाईल, खोल तेवढं काळं राहील. "अक्षर खड्ड्यात बसलंय, दादा. त्येला नुसतं काजळ घालून उठवायचं."

म्हणून हे चाललं होतं. पट गोमूत्रात माखून, मोठ्या मडक्यात भाताच्या तुसात पुरून, मडक्याचं तोंड चिखलाने लिंपून चार दिवस ठेवून दिला. या चार दिवसांत ज्योतीरामाच्या हाताला दुसरं काम असतं तर बरं झालं असतं. ते नव्हतं. पिंपरी कॅम्पात जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या भांड्यांची दुकानं झाल्यापासून तांब्याचा हंडा लोक फक्त लग्नाच्या रुखवतात ठेवायला घेत, आणि तोही एकमेकांचा मागून नेऊन भागवत. मालोजीने केव्हाच ऐरण सोडली होती. तो कारखान्याच्या रस्त्याच्या कामावर मातीच्या पाट्या वाहायला जाई. त्याची बायको कौशल्या पहिलटकरीण, सातवा सरून पुनावळ्याला माहेरी गेलेली. घरात तीन माणसं आणि एक मडकं, आणि तिघंही मडक्याला वळसा घालून चालत.

पाचव्या दिवशी अन्वरने लिंपण फोडलं.

पट बाहेर आला तो ओळखू येईना. शेवाळलेल्या विहिरीतून काढावा तसा. ज्योतीरामाच्या तोंडून "आरारारा" एवढंच निघालं, मयताच्या घरी निघतं तसं. अन्वरने तेलात बुडवलेलं फडकं बोटाला गुंडाळलं आणि वरून खाली हलकेच फिरवलं. चंद्र-सूर्य उठले. त्याखाली ढग. आणखी खाली आणखी ढग. कुठे एखादी वेलांटी असावी अशी शंका, आणि पुन्हा पुसलं की शंकाही नाही.

"हितं बघ," अन्वर एकदम म्हणाला.

तळाशी, वळवलेल्या कडेला चिकटून, एक अख्खी ओळ काळीकुळीत उभी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. कडेच्या आडोशाला घासणाऱ्याचा अंगठा पुरता पोचला नसावा.

"आली! दादा, आली की रं! काय लिवलंय?"

"मला इचारतोस?"

दोघे हसले. मग दोघांनी ओळीकडे बराच वेळ पाहिलं, न येणारं वाचता येईल अशा आशेने. ज्योतीरामाने तर्जनी ओळीवरून फिरवली. बोट अडकलं.

ते अडकणं त्याच्या ओळखीचं होतं. आठ वर्षांचा असताना बाने त्याला पहिल्यांदा पट घासायला बसवलं, तेव्हा सगळ्या पटावर बोट असंच अडकत होतं, खडबडीत चिंचोक्यावरून फिरवावं तसं. घासणं पुरं झालं हे कसं ओळखायचं, असं त्याने विचारलं होतं. बा म्हणाला होता, "बोट फिरीव. अडकलं तर अजून घास." बाला त्याच्या बाने हेच शिकवलं होतं. आणि ज्योतीरामाचा हात तर बापापेक्षा चांगला. पंचक्रोशीत त्याच्यासारखी घासणी कुणाची नव्हती.

"काय झालं?" अन्वरने विचारलं.

"कुठं काय?" ज्योतीराम म्हणाला आणि बोट धोतराला पुसलं.

चावडीत कारकुनाने पट उजेडाकडे तिरपा धरला. साहेब घड्याळाकडे बघत होते. अन्वर दाराशी उभा राहून पुटपुटत होता. तो अल्लाला सांगत होता की भैरोबाला, ते त्याने नंतरही सांगितलं नाही.

"वा," कारकून म्हणाला. "अक्षर जुनं आहे, साहेब. अस्सल मोडी. असं वळण आता कुणाला जमायचं नाही."

ज्योतीराम टेबलाशी सरकला. "काय लिवलंय, रावसाहेब?"

कारकुनाने खाकरून वाचलं. "'ये जागी जो कोणी कुदळ घालील त्याचा निर्वंश होईल. श्री भैरवाची आण.'"

 साहेबांनी टेबलावरची कुदळीच्या कामाची आखणी घडी घालून बाजूला सरकवली.

"जागा कुठली?" त्यांनी विचारलं.

"ते वर असणार, साहेब. कुणी दिली, कुणाला दिली, चतुःसीमा, सगळं वर असतं. वरचं गेलंय."

"म्हणजे शाप आहे, आणि पत्ता नाही."

"तसंच म्हणायचं."

"मग नाही धरता येणार," साहेब म्हणाले, आणि दुसरा कागद ओढला. त्यांचा आवाज वाईट नव्हता. रोज पंचवीस माणसांना नाही म्हणून म्हणून गुळगुळीत झालेला होता एवढंच.

कारकुनाने ज्योतीरामाला ओसरीवर गाठलं. "तांबट, ऐका. हे अक्षर कुठल्या लिहिणाऱ्याचं, ते पुण्याच्या जुन्या दप्तरात बसणारे लोक ओळखतील. लिहिणारा सापडला तर सनदेची नक्कल सापडेल. दिवाळीनंतर तिथे अर्ज लावा आणि ही ओळ दाखवा. तुमच्यापाशी एवढीच काय ती आहे. आणि देवाशपथ सांगतो, घासू नका."

"तवर काम थांबंल का?"

"काम थांबत नसतं, तांबट. थांबतात ते अर्ज."

परतीच्या वाटेवर अन्वरने पट काखोटीला मारला होता. ओढ्याजवळ तो म्हणाला, "रंगरावाला जागा मिळाली, तुला शाप मिळाला. पण माल तुझा जास्त टिकाऊ हाय."

"सायबानं कागुद कसा मागं सारला, बघितलास?"

"त्येला काय, दोन पोरं असतील घरात. भ्याला."

"भ्याला," ज्योतीराम म्हणाला. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं. "आन् त्यो कंपनीचा मालक कोन हाय त्यो?"

"त्यो तर कुदळ घालणाराच म्हनायचा."

घरी त्याने अंबूबाईला एवढंच सांगितलं की एक ओळ वाचता आली, ती दिवाळीनंतर पुण्याला दाखवायची, तोवर पटाला हात लावायचा नाही. ओळीत काय आहे ते सांगितलं नाही. पोटुशी सून आहे घरची. असले शब्द उंबऱ्याच्या आत आणू नयेत. अंबूबाईने विचारलं, "काय चांगलं लिवलंय का?" तो म्हणाला, "जुनं लिवलंय."

पण पुढचे पंधरा दिवस तो त्या ओळीवर जगला. संध्याकाळी माळाच्या कडेला बसून मोजणीच्या खुंट्यांकडे बघे आणि मनात एकेकाला ती ओळ लावून बघे. साहेबांना लावली, मग कारकुनाच्या तोंडाकडे बघून काढून घेतली. मालकाला लावली, ती मात्र ठेवली. गरिबाच्या घरात बरेच दिवस न खपलेली वस्तू असते, तिच्यावरची धूळ झटकून बघावं, तसा त्याचा तेवढाच विरंगुळा झाला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मालोजी कामावरून आला तो खांद्यावर नवी कोरी कुदळ घेऊन. तोंड हसरं. लग्नानंतर इतकं हसरं ते कुणी पाहिलं नव्हतं.

"आबा, उद्यापासनं पाटी बंद. मुकादमानं कुदळीवर घेतलं मला."

"बरं झालं," अंबूबाई म्हणाली. "डोक्याचं वझं तरी गेलं."

"आन् ऐक की. उद्या आपल्या माळावर कामाचा मुहूर्त हाय. कंपनीला साडेतीन मुहूर्तातला पायजे. सयाजी मुकादम म्हनला, जागा ज्येची त्येच्या हातनं पयली कुदळ पडावी, म्हंजी जागंला राग येत न्हाई. पयली कुदळ मी घालनार. नारळ बी मलाच."

ज्योतीराम कुदळीकडे बघत होता. लोखंड चांगलं होतं. दांडा बाभळीचा, अजून हाताने काळा न पडलेला.

"दुसऱ्या कुनाला सांगावं," तो म्हणाला.

"का? मान हाय की आपला."

"व्हय. मान हाय."

"मी न्हाई म्हनलो तर पाटीवर बी ठेवायचा न्हाई त्यो. आन् त्या दोघांना खायाला घालायचं हाय मला म्होरल्या महिन्यात." दोघांना म्हणताना त्याने लाजून खाली पाहिलं.

 जेवताना ज्योतीरामाने भाकरीचा तुकडा मोडला आणि परत ताटात ठेवला. अंबूबाईने विचारलं तर म्हणाला, मीठ जास्त झालंय. ती म्हणाली, मीठ घालायचंच राहिलंय.

दसऱ्याला सकाळी देव्हाऱ्यापुढे हत्यारं मांडली. ऐरण, तीन हातोडे, चिमटा, कानस, पत्रा कापायची कातर. सगळ्यांना हळदकुंकू. रांगेच्या शेवटी मालोजीने आपली कुदळ ठेवली, तिलाही अंबूबाईने बोटं ओढली. आणि सगळ्यांच्या मागे पाटावर तो पट, काळा, हिरवा, तिच्याने बघवेना असा.

"आज तरी घासला असता," ती म्हणाली. "पर तुमीच न्हाई म्हनलासा."

"आबा, मी निघतो," मालोजी नवा सदरा सारखा करत म्हणाला. "आठाला नारळ हाय." तो कुदळीला हात घालायला वाकला.

"हत्यार उचलत्यात व्हय आजच्या दिशी?" अंबूबाई म्हणाली.

"कंपनीला ठावं न्हाई ते, आये."

"थांब," ज्योतीराम म्हणाला.

त्याने पट उचलला आणि अंगणातल्या दगडावर नेऊन ठेवला. मग परत आत आला, रांगेतली कानस उचलली. हळदकुंकवासकट. अंबूबाईच्या तोंडाला पदर गेला. या घरात दसऱ्याला हत्यार उचललेलं तिने चौतीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"चिंच भिजव," तो म्हणाला.

"अवं, पुण्याला दावायचाय ना त्यो?"

"चिंच भिजव, अंबे."

कानस पहिल्यांदा ओळीवर फिरली तेव्हा दात शिवशिवावेत असा आवाज झाला. तांब्याचा लाल कीस दगडावर सांडू लागला. तो घाई करत नव्हता. एकेक अक्षर घेत होता, उजवीकडून डावीकडे, म्हणजे शेवटापासून. कडेच्या आडोशाला कानस नीट बसेना, तेव्हा त्याने ती टोकावर धरली.

"आबा, उशीर व्हतोय. मुकादम दुसऱ्या कुनाला..."

"कुदळीला हात लावू नगंस. मी सांगंस्तवर."

फाटकाशी अन्वर येऊन उभा होता, हातात आपट्याची पानं. त्याने दगडावरचा कीस पाहिला. देव्हाऱ्याकडे पाहिलं, रांगेतल्या कुदळीकडे, मालोजीच्या नव्या सदऱ्याकडे. चार दिवस तुसात पुरून, गोमूत्राच्या वासावरून बायकोचं आठवडाभर ऐकून, त्याने ती ओळ उठवली होती.

"अन्वरचाचा, सांगा की जरा ह्येस्नी," मालोजी म्हणाला. "काय ह्ये आजच घासायचं?"

अन्वर दगडाशी येऊन उकिडवा बसला. "पोरा, धा मिंटं थांब," तो म्हणाला. "तुझ्या बाला काम अर्धं टाकायची सवय न्हाई."

आणि त्याने चिंचेचा गोळा हातात घेतला. ज्योतीराम कानशीने जिथून पुढे सरके, तिथे मागून अन्वर चिंच लावत गेला. मग राख. मग विटेची पूड. दोघांचे हात तीस वर्षं एका भांड्यावर चाललेले. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. हिरवं गेलं, काळं गेलं, तांबूस आलं. चंद्र-सूर्य पुन्हा ग्रहणात गेले. अंबूबाई कोरडं फडकं घेऊन आली आणि न विचारता उभी राहिली.

ज्योतीरामाने बोट फिरवलं. मग पट अन्वरपुढे धरला.

अन्वरने डोळे मिटले आणि तर्जनी कडेकडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. एकदा. मग उलट, आणखी एकदा.

"न्हाई अडकत," तो म्हणाला.

ज्योतीरामाने मालोजीकडे पाहिलं. "उचल आता."

मालोजीने कुदळ उचलली, वाकून दोघांच्या पाया पडला आणि माळाच्या दिशेने धावतच सुटला. थोड्या वेळाने तिकडून नारळ फुटल्याचा आवाज आला. मग टाळ्या. मग जमिनीत काहीतरी रुतल्याचा एक बसका आवाज, आणि त्याच्या मागून बऱ्याच कुदळींचे.

"आता पुण्याला काय दावायचं?" अंबूबाईने विचारलं.

ज्योतीरामाने पट उजेडात धरला, त्यात बघून टोपी सरळ केली आणि तो पाटावर नेऊन ठेवला.